सॉफ्टवेअर शोधायला बाहेर जाऊ नका

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार.

मी सदाशिव पेठेत राहणारी ६४ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या वडिलांनी १९५५ ते १९६८ या काळात निरनिराळ्या मासिकांत लिहिलेल्या लेखांची कात्रणे मी जपून ठेवली आहेत. ती स्कॅन करून त्यांतला मजकूर संगणकावर घ्यावा आणि भावंडांसाठी त्याचे छोटे पुस्तक करावे, अशी माझी इच्छा आहे. विंडोज १० चे अपडेट बंद झाल्यावर भाच्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली टाकून दिली आणि तो नोकरीसाठी बेंगळुरूला गेला.

चित्रातील मराठी अक्षरे ओळखण्यासाठी टेसरॅक्ट नावाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते असे कळले. ते डाउनलोड केले, तर आत नुसत्या फाइलींचा ढीग निघाला. सांगितलेल्या कमांड दिल्या तेव्हा ‘लेप्टोनिका’ नाही असा संदेश आला. ते मिळवले, तरी पुन्हा तोच संदेश! दुसरीकडे पिप नावाची कमांड सांगितली होती. ती दिल्यावर लांबलचक नकार आला. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पासवर्ड उमटतच नाही, म्हणून कीबोर्ड बिघडला असे समजून मी तापकीर गल्लीतून नवा आणला, तरी तेच. शेवटी ‘लॉक’ लागले आहे असा संदेश आल्यावर कोणीतरी सुचवल्याप्रमाणे ती लॉकची फाइल पुसली. पुढे सगळे अडकून बसले, तेव्हा पॉवरचे बटण दाबून लॅपटॉप बंद केला. आता काहीही टाकायला गेले की डीपीकेजी मध्येच खंडित झाले, असा एकच संदेश येतो.

हे माझ्या वयाला झेपणारे नाही का? पुन्हा विंडोजवर जावे का?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन तुम्ही कोणत्या क्रमाने काय केले याचे टिपण काढले. त्यावरून आधी एवढे सांगते की तुमचा लॅपटॉप बिघडलेला नाही, जुना कीबोर्डही बिघडलेला नव्हता आणि वयाचा तर या प्रकरणाशी काहीच संबंध नाही. तुम्ही केलेल्या प्रयत्नांपैकी पहिल्या दोन ठिकाणी संगणकाने तुम्हाला दारातच थांबवले, त्यामुळे तेथे काही नासाडी झालेली नाही. तिसऱ्या ठिकाणी एक काम अर्धवट राहिले आहे, आणि ते पूर्ण करण्याचा उपाय संगणकाने स्वतःच तुम्हाला लिहून दिलेला आहे. त्याकडे मी पुढे येते.

पासवर्डचे कोडे सर्वांत सोपे आहे. टर्मिनलमध्ये पासवर्ड मागितला जातो तेव्हा तुम्ही दाबलेले प्रत्येक अक्षर आत पोचत असते. पडद्यावर मात्र ते, किंवा त्याच्या जागी ठिपका वा तारासुद्धा, मुद्दामच दाखवला जात नाही. शेजारी बसलेल्या माणसाला पासवर्ड तर कळू नयेच, पण तो किती अक्षरांचा आहे हेही कळू नये, असा त्यामागचा जुना विचार आहे. तेव्हा पडद्याकडे न पाहता पासवर्ड टाइप करावा आणि एंटर दाबावे. ही गोष्ट नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायला हवी. ती कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यांच्या ती इतकी अंगवळणी पडलेली असते की सांगण्यासारखे काही आहे हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. तुमच्या नव्या कीबोर्डचा खर्च तुमच्या अज्ञानाच्या नव्हे, त्या मौनाच्या खात्यावर मांडायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आता मूळ अडचण. विंडोजवर इतकी वर्षे काम करताना आपल्याला एक सवय लागलेली असते: एखादा प्रोग्रॅम हवा असेल तर इंटरनेटवर त्याचे नाव शोधायचे, त्याची फाइल उतरवून घ्यायची, तिच्यावर दोनदा क्लिक करायचे आणि येईल त्या प्रश्नाला ‘पुढे’ म्हणत जायचे. लिनक्सवर सॉफ्टवेअर येण्याची मुख्य वाट ही नव्हेच. उबुंटू ज्या डेबियन या प्रणालीवर आधारलेले आहे तिचे काम १९९३ साली सुरू झाले, आणि हजारो प्रोग्रॅम एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने बांधून, एकमेकांशी जुळतात याची खात्री करून ठेवायचे, ही रीत तेथेच घडत गेली. या साठ्याला भांडार म्हणू. भांडारातील प्रत्येक गाठोड्याला पॅकेज म्हणतात, आणि प्रत्येक पॅकेजवर त्याला आणखी कोणती पॅकेजे सोबत लागतात याची नोंद असते. तुम्ही एक नाव सांगितले की ॲप्ट नावाचा प्रोग्रॅम ती नोंद वाचतो आणि लागेल ते सारे एका फेरीत आणतो. भांडाराच्या यादीवर डिजिटल सही असते आणि तीवरून आलेला माल मूळचाच आहे ना, हेही तोच पडताळतो. शाळेच्या ग्रंथालयात आपण पुस्तकाचे नाव चिठ्ठीवर लिहून देत असू आणि ग्रंथपाल ते कपाटातून काढून आणत, तसाच हा व्यवहार आहे. कपाटात काय आहे हे न विचारता आपण थेट छापखान्याच्या दारात जाऊन उभे राहायचे नसते.

तुम्ही नेमके छापखान्याच्या दारात गेलात. टेसरॅक्टची जी फाइल तुम्ही उतरवली तो तयार प्रोग्रॅम नव्हता, तो त्याचा सोर्स कोड होता, म्हणजे पीठ नव्हे, गहू. तो दळायला, अर्थात संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणायला, वेगळी साधने लागतात आणि ती सर्वसामान्य वापराच्या संगणकावर मुळात असतातच असे नाही. लेप्टोनिका ही चित्रांवर प्रक्रिया करणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरायच्या तयार कोडचा संच, असून टेसरॅक्ट तिच्यावर विसंबून आहे, त्यामुळे ती नसल्याचा संदेश बरोबरच होता. ती मिळवल्यावरही तोच संदेश का आला, याचे कारण मात्र कोठेही ठळकपणे सांगितलेले आढळत नाही, म्हणून येथे थोडे थांबते. उबुंटूमध्ये एकच लायब्ररी बहुधा दोन पॅकेजांत विभागलेली असते. एक पॅकेज तयार प्रोग्रॅम चालवण्यापुरते असते. दुसऱ्याच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ ही तीन अक्षरे असतात आणि त्यात तीच लायब्ररी वापरून नवा प्रोग्रॅम बांधण्यासाठी लागणाऱ्या हेडर फाइली असतात. तुम्ही आणले ते पहिले असणार आणि संगणक शोधत होता ते दुसरे. तुम्ही लेप्टोनिका आणली हेही खरे होते आणि ती सापडत नाही हे संगणकाचे म्हणणेही खरे होते. एरवी अतिशय हुशार मुलेही या ठिकाणी तासन्‌तास अडकलेली मी पाहिली आहेत.

बांधणी पूर्ण झाली नाही हे एका परीने बरेच झाले. अशा रीतीने स्वतः बांधून बसवलेल्या प्रोग्रॅमची नोंद ॲप्टकडे राहत नाही. त्याला पुढे सुरक्षेचे अपडेट आपोआप मिळत नाहीत आणि तो काढून टाकायचा म्हटले तरी त्याच्या फाइली कोठे कोठे गेल्या हे आपल्यालाच शोधावे लागते. तुमच्या बाबतीत काहीच बसले नसल्याने ‘डाउनलोड्स’ फोल्डरमधील तो ढीग तुम्ही निर्धास्तपणे पुसून टाकू शकता.

पिपच्या नकाराचे कारण वेगळे आहे. पिप ही पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी असलेली स्वतंत्र पुरवठा व्यवस्था आहे. उबुंटूची स्वतःची कितीतरी कामे पायथनमध्ये लिहिलेली आहेत, आणि पिपने बाहेरून आणलेले भाग त्या कामांच्या भागांवर बसले तर संगणकाची घडी विस्कटते. म्हणून २०२३ पासून डेबियन आणि उबुंटू यांच्या नव्या आवृत्त्यांनी पिपला मूळ व्यवस्थेत हात घालायला मज्जाव केला आहे. तुम्हाला आलेला लांबलचक नकार म्हणजे तोच मज्जाव. तो मोडून काढायचा एक पर्याय पिपमध्ये आहे, आणि त्याच्या नावाचाच अर्थ ‘व्यवस्थेची पॅकेजे मोडा’ असा होतो; ज्यांनी हे नाव ठेवले त्यांनी ते सावधगिरीची सूचना म्हणूनच ठेवले आहे, तेव्हा इंटरनेटवर कोणी तो जोडायला सांगितला तरी जोडू नका. शिवाय पिपने मिळणारे पायटेसरॅक्ट हे टेसरॅक्ट नव्हेच. पायथनमधून टेसरॅक्टला हाक मारण्याची ती केवळ एक सोय आहे, आणि जेथे टेसरॅक्टच नाही तेथे हाक मारून उपयोग नव्हता.

आता त्या लॉकविषयी आणि अर्धवट राहिलेल्या कामाविषयी. उबुंटू सुरक्षेची अपडेट आपण न सांगताही पार्श्वभूमीला बसवत असते; संगणक सुरू केल्यावर थोड्या वेळातच हे काम बऱ्याचदा चालू होते. त्या वेळी दुसऱ्या कोणी त्याच नोंदवहीत लिहू नये म्हणून दाराला कडी लावली जाते, तीच ही लॉकची फाइल. संदेशाचा अर्थ ‘आत कोणीतरी काम करत आहे’ एवढाच होता आणि त्यावर योग्य उपाय होता पाच-दहा मिनिटे थांबणे. कडी उचकटून दोघे एकाच वेळी आत शिरले की नोंदवही बिघडण्याचा धोका असतो. ती फाइल पुसल्याबद्दल आता हळहळ करू नका, कारण पुढच्या वेळी ती आपोआप पुन्हा तयार होते. नुकसान झाले ते बहुधा पॉवरच्या बटणाने: एखादे पॅकेज उलगडून ठेवले होते, पण त्याची मांडामांड व्हायची होती, आणि तेवढ्यात वीज गेली.

म्हणून आता प्रत्येक वेळी तोच संदेश येतो. ताई, तुम्ही तो इतक्या वेळा पाहिला आहे की तो तुम्हाला रागावल्यासारखा वाटू लागला असेल. पण तो पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचा. त्यात म्हटले आहे की डीपीकेजीचे, म्हणजे ॲप्टच्या हाताखाली पॅकेजे प्रत्यक्ष बसवणाऱ्या प्रोग्रॅमचे, काम मध्येच खंडित झाले आहे, आणि ते दुरुस्त करण्यासाठी तुम्ही स्वतः पुढील कमांड द्यावी. त्यापुढे अवतरणचिन्हांत ती कमांडही दिलेली आहे! मुलांना धडा शिकवताना ‘प्रश्न नीट वाचा, निम्मे उत्तर त्यातच असते’ असे तुम्ही कितीदा सांगितले असेल. लिनक्सचे संदेश रुक्ष असतात, त्यांची इंग्रजी आडवळणी असते, पण बहुतेक वेळा ते खरे बोलतात आणि पुष्कळदा उपायही सांगतात.

दुरुस्तीला बसण्यापूर्वी आतापर्यंत स्कॅन केलेली पाने एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. या कामात त्यांना धोका नाही, पण वडिलांच्या लेखांची एकच प्रत एकाच यंत्रात असणे मला कोणत्याही परिस्थितीत योग्य वाटत नाही. मग लॅपटॉप चार्जरला जोडून नेहमीच्या रीतीने सुरू करा आणि पंधरा मिनिटे त्याला हात लावू नका. त्यानंतर टर्मिनल उघडा. या सदरात सर्व मजकूर देवनागरीत असल्यामुळे कमांड मी उच्चाराने सांगते. तुम्ही त्या इंग्रजीत, सर्व अक्षरे लहान ठेवून टाइप करायच्या आहेत, कारण टर्मिनलला लहान आणि मोठे अक्षर ही दोन वेगळी अक्षरे वाटतात.

पहिली कमांड त्या संदेशातलीच आहे. ‘सुडो’ (एस, यू, डी, ओ), मग मोकळी जागा, मग ‘डीपीकेजी’ ही चार अक्षरे, पुन्हा मोकळी जागा, त्यानंतर जागा न सोडता दोन लहान आडव्या रेघा आणि त्यांना जोडूनच ‘कॉन्फिगर’ (सी, ओ, एन, एफ, आय, जी, यू, आर, ई), पुन्हा मोकळी जागा, आणि शेवटी एक आडवी रेघ व तिला जोडून ‘ए’. एंटर दाबल्यावर न दिसणारा पासवर्ड द्या. काही ओळी सरकतील. एखाद्या सेटिंगच्या फाइलविषयी ‘जुनी ठेवू की नवी घेऊ’ असा प्रश्न मध्येच आला तर नुसते एंटर दाबा. त्याने सध्याची फाइल तशीच राहते. हे काम संपून टर्मिनल पुन्हा तुमचे नाव दाखवीत थांबले की दुसरी कमांड द्या: ‘सुडो’, मग ‘ॲप्ट’ (ए, पी, टी), मग दोन आडव्या रेघांना जोडून ‘फिक्स’, लगेच एक आडवी रेघ, लगेच ‘ब्रोकन’, मग मोकळी जागा आणि ‘इन्स्टॉल’. कोणत्या पॅकेजाला सोबतीचे पॅकेज मिळालेले नसेल तर ही कमांड ते आणून देते. काही करण्यासारखे नसेल तर तसे सांगून ती थांबते, आणि तेही चांगलेच लक्षण आहे.

तिसरी कमांड ‘सुडो ॲप्ट अपडेट’. हिच्या नावाने पुष्कळ जण फसतात. तिने एकही प्रोग्रॅम नवा होत नाही. भांडारात आज काय काय आहे याची यादी तेवढी ताजी होते. यादी शिळी असेल तर ॲप्ट भांडारात नसलेल्या आवृत्तीच्या मागे लागतो किंवा ‘असे पॅकेज सापडत नाही’ म्हणतो, म्हणून काही नवे घेण्याआधी हे करावे.

आणि आता तुमचे टेसरॅक्ट. ते गेले चार दिवस भांडारात तयारच ठेवलेले होते. एचपी या कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात ते विकसित झाले, २००५ साली ते सर्वांसाठी खुले करण्यात आले आणि पुढे अनेक वर्षे त्याच्या विकासाला गूगलचा आधार मिळाला. आज ते मराठीसह शंभरांहून अधिक भाषांची अक्षरे ओळखते. मूळ पॅकेजात मात्र मराठीचे ज्ञान येत नाही, ते वेगळे मागावे लागते. म्हणून चौथी कमांड अशी: ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ आणि त्यापुढे मोकळी जागा सोडत तीन नावे. पहिले ‘टेसरॅक्ट’ला आडव्या रेघेने ‘ओसीआर’ ही तीन अक्षरे जोडून; दुसरे तेच नाव, पण त्यापुढे आणखी एक आडवी रेघ आणि ‘एम, ए, आर’ ही मराठीची खूण; तिसरे ‘जीइमेजरीडर’, म्हणजे ‘जी’ हे अक्षर आणि इमेज व रीडर हे दोन इंग्रजी शब्द, सगळे सलग. टेसरॅक्टला स्वतःची खिडकी नाही, ते केवळ टर्मिनलमधून चालते. जी-इमेज-रीडर त्याला खिडकी, बटणे आणि पान पाहण्याची जागा देते. उबुंटूच्या ॲप सेंटरमध्ये खिडकी असलेले प्रोग्रॅम शोधणे सोयीचे आहे आणि एरवी तुम्ही तेथूनच सुरुवात करावी असे मी म्हणेन. पण मराठीच्या या पॅकेजासारख्या पूरक गोष्टी तेथे सहसा दिसत नाहीत, म्हणून या वेळी टर्मिनल.

एंटर दाबल्यावर ॲप्ट एक यादी दाखवून ‘पुढे जाऊ का’ असे विचारील. येथे घाई करू नका. कोणती नवी पॅकेजे येणार आणि डिस्कवर किती जागा लागणार हे त्या यादीत असते, आणि काही काढून टाकले जाणार असेल तर तेही वेगळ्या शीर्षकाखाली असते. काढून टाकण्याची लांब यादी दिसली तर ‘एन’ दाबून मागे फिरा. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी उबुंटू २२.०४ वर ॲपइमेज प्रकारातील एक प्रोग्रॅम चालवण्यासाठी फ्यूज नावाचे जुने पॅकेज मागवले. त्यांना खरे तर त्याची फक्त लायब्ररी हवी होती. जुने पॅकेज आणण्यासाठी नवे काढावे लागणार आणि त्याच्यावर विसंबलेले डेस्कटॉपचे काही भागही जाणार, हे ॲप्टने यादीत लिहिले होते. त्यांनी यादी न वाचता ‘वाय’ दाबले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना नेहमीचा डेस्कटॉप दिसेना. तुमच्या यादीत काढून टाकण्याजोगे काही असण्याचे कारण नाही, तरी पाहण्याची सवय आजच लावून घ्या.

कधीतरी भांडारात नसलेले काही लागेलच. तेव्हा त्या प्रोग्रॅमच्या अधिकृत ठिकाणी उबुंटूसाठी बांधलेली ‘डेब’ प्रकारची फाइल किंवा फ्लॅटपॅक, स्नॅप या तयार गाठोड्यांच्या प्रकारांपैकी एखादा पर्याय आहे का ते पाहावे. ‘आरपीएम’ फाइली फेडोरा, रेड हॅट या दुसऱ्या लिनक्स प्रणालींच्या घराण्यातल्या असतात, तर ‘ईएक्सई’ फाइली विंडोजच्या. त्या आपल्या कामाच्या नाहीत. कोणाही अनोळखी माणसाने लिहिलेली कमांड उतरवून घेताना ती ‘सुडो’ने सुरू होत असेल तर विशेष जपावे, कारण त्या एका शब्दाने आपण संगणकाच्या सर्व किल्ल्या तिच्या हाती देतो. लॉकची फाइल पुसताना तुम्ही दिलेली कमांड तशाच प्रकारची होती, आणि तिच्यात चुकून दुसऱ्याच एखाद्या महत्त्वाच्या फाइलीचा पत्ता पडला असता तर हे उत्तर मला फार वेगळे लिहावे लागले असते. सूचना कोणत्या आवृत्तीसाठी आणि कधी लिहिली आहे हेही पाहावे. उबुंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे तिचे वर्ष आणि महिना: २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. दहा वर्षांपूर्वी १६.०४ साठी लिहिलेले सल्ले आजही शोधात वर येतात, आणि लिहिणाऱ्याने ते प्रामाणिकपणे लिहिलेले असले तरी तुमच्या संगणकावर ते लागू पडतीलच असे नाही.

कात्रणांविषयी थोडे. स्कॅन ३०० डीपीआयवर करा, पान सरळ ठेवा आणि मासिकात दोन स्तंभ असतील तर जी-इमेज-रीडरमध्ये एकेका स्तंभाभोवती चौकट ओढून तो वेगळा ओळखायला द्या, नाहीतर दोन्हीकडच्या ओळी एकमेकींत मिसळण्याचा संभव असतो. भाषेच्या निवडीत मराठी ठेवा. प्रोग्रॅम आधीपासून उघडा असेल तर बंद करून पुन्हा उघडल्यावर ती यादीत दिसेल. पिवळ्या पडलेल्या कागदावर जोडाक्षरे, अनुस्वार आणि ‘ऱ्या’तला अर्धा र यांत चुका होणारच, म्हणून प्रत्येक पान मूळ कात्रण शेजारी ठेवून तपासावे लागेल. त्यातही तुमच्या बाबतीत एक निर्णय आधी घ्यायला हवा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. वडिलांचे लेखन १९५५ पासूनचे असल्याने सुरुवातीच्या लेखांत ‘घरांत’, ‘केलें’ असे अनुच्चारित अनुस्वार असतील आणि नंतरच्या लेखांतून ते हळूहळू नाहीसे होताना दिसतील. ते अनुस्वार मूळ छापील प्रतीप्रमाणे ठेवायचे की आजच्या नियमांनी काढायचे, हे भावंडांशी बोलून ठरवा. माझे मत विचाराल तर ते ठेवावेत, कारण तो त्या काळाचा आणि वडिलांच्या हाताचा ठसा आहे.

विंडोजवर परत जाण्याच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘सध्या नको’ असे आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे भाच्याचा निर्णय तुमच्या जुन्या लॅपटॉपच्या दृष्टीने योग्यच होता, उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पुस्तकाची जुळणी मात्र छापखान्यात विंडोजवरच्या एखाद्या मराठी सॉफ्टवेअरवर होत असेल, तर ते सॉफ्टवेअर लिनक्सवर ओढूनताणून चालवण्याच्या मागे लागू नका. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारख्याच ओळखल्या जाणाऱ्या अक्षरांत, लिबरऑफिसच्या फाइलीत तयार करून द्या आणि पुढचे काम त्यांच्या यंत्रावर होऊ द्या. छापखान्याला युनिकोड चालते का, हे काम सुरू करण्यापूर्वीच विचारून घ्या, कारण जुन्या धाटणीच्या फॉन्टवर काम करणारे अजूनही आहेत.

भाच्याला फोन कराल तेव्हा ‘चालत नाही’ असे न सांगता काय करायचे होते, कोणती कमांड दिली आणि कोणता संदेश आला, हे संदेशाच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाठवा. टर्मिनलमधून मजकूर उचलण्यासाठी कंट्रोल आणि सी यांच्यासोबत शिफ्टही दाबावे लागते. नुसते कंट्रोल-सी दाबले तर चालू काम थांबते. एक वही करा आणि दिलेली प्रत्येक कमांड तारखेसह तीत लिहा. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा ‘प्लग’ या नावाने ओळखला जाणारा गटही आहे. अशा मंडळींपुढे ही वही ठेवली तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळायला वेळ लागणार नाही.

वर सांगितलेल्या पहिल्या दोन कमांडनंतरही तोच जुना संदेश आला तर पुढे जाऊ नका. टर्मिनलवरचा सगळा मजकूर मला जसाच्या तसा पाठवा, तो वाचून मी उत्तर देईन. आणि तापकीर गल्लीतून आणलेला कीबोर्ड कपाटात ठेवू नका. सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या विभागात मराठी इनपुट जोडून घ्या आणि लॅपटॉप थोडा मागे सरकवून तो नवा कीबोर्ड पुढ्यात घ्या, म्हणजे कात्रण शेजारी ठेवायला टेबलावर जागा होईल. तेरा वर्षांच्या लेखांचे मुद्रितशोधन तुम्हाला त्याच्यावरच करायचे आहे.